मुक्यांचा डबा

धाकट्यानं नव्या घराच्या प्रत्येक दाराला बोट ओळखणारं कुलूप बसवलं होतं. बाथरूमलासुद्धा.

आबा उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "पोट बिघडलं आणि बोटाला घाम आला, तर काय करायचं रे?"

"घाम आला तरी ओळखतं, आबा."

"चांगलंय. पोटची पोरं ओळखेनात, कुलूप तरी ओळखू दे."

बोलावलं होतं जेवायला. पण या घरात जेवायला म्हणून कोणी कोणाला बोलावत नाही. कुलपांच्या दुकानाची पुढची बाजू आबांनी धाकट्याला दिली आणि मागची थोरलीला, ती जेवतानाच. ताटावर बसलेला माणूस उठून जात नाही, मान हलवून मोकळा होतो, असा यांचा पिढीजात अनुभव. तो अनुभव खोटा पाडणारा एकच निघाला, थोरलीचा नवरा. तो अर्ध्या जेवणावरून उठला तो आजतागायत हात धुवायला गेलाय.

म्हणून आजही सगळे खाली मान घालून चावत होते आणि धाकटा कधी तोंड उघडतो याची वाट बघत होते. त्यानं पाण्याचा पेला संपवला, मिशी पुसली.

"ताई, मागचं टेबल काढू या म्हणतो."

थोरलीचा घास हातातच राहिला. दुकानाच्या मागच्या खिडकीखालचं ते टेबल. त्यावर आबांची कानस झिजली, मग तिची झिजली. चावी हरवलेली तिजोरी, अडकलेलं कपाट, तुटकी चावी पोटात घेऊन बसलेलं कुलूप, सगळं त्या टेबलावर यायचं आणि तिच्या बोटांखालून मोकळं होऊन जायचं. पुढे धाकटा खोक्यातली नवी कुलपं विकायचा. नाव दुकानाला होतं ते मात्र मागच्या टेबलामुळे, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"काढू या म्हणजे?" ती म्हणाली.

"पुढची जागा वाढवू. शोरूम करू. दुरुस्ती आता कोण करतं? बिघडलं की फेकतात. आणि तूही आता आराम कर."

"आराम म्हणजे नेमकं काय करू?"

"जगातली माणसं करतात तेच."

"जगातली माणसं आरामात काय करतात, मामा? एकमेकांची टेबलं काढतात?"

ही टोचणी. थोरलीची लेक. नाव मामानंच पाडलेलं, ती बोलायला लागली त्याच वर्षी. दुसऱ्या शहरात विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायच्या खात्यात आहे. 'नाही म्हणायचा पगार घेते' असं स्वतःच सांगते. सकाळच्या गाडीनं आली होती आणि पहिल्या घोटापासून मामाच्या मागे लागली होती.

"तू मध्ये पडू नकोस. मी हिच्या भल्याचं बोलतोय. हिची बोटं आता..."

"काय झालंय माझ्या बोटांना?" थोरलीनं दोन्ही पंजे टेबलावर पालथे टाकले, पत्ते उघडे करावेत तसे.

धाकट्यानं त्या पंज्यांकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांसमोर हिवाळ्यातली एक सकाळ होती. तो दुकानासमोरच्या फुटपाथवर होता आणि ताई शटरच्या कुलपाशी वाकली होती. चावी लावली होती, फिरत नव्हती. कुलूप ठीक होतं, आदल्याच दिवशी त्यानं तेल घातलं होतं. फिरत नव्हती ती बोटं. शेवटी तिनं चावी दोन तळव्यांमध्ये धरली आणि अख्खं अंग वळवून फिरवली. शहरभरातली बंद कपाटं उघडणारी बाई! धाकटा फोन कानाला लावून उभा राहिला, कोणाशीही न बोलता, शटर वर जाईपर्यंत. हे त्याला सांगता आलं असतं. पण या घरातल्या पुरुषांना माया सांगायची झाली की तोंडातून धंदाच बाहेर पडतो. तो म्हणाला, "शोरूमला बँक तयार आहे."

"गोळी चालू आहे ना, ताई?" भावजयीनं, म्हणजे धाकट्याच्या बायकोनं, विषय वळवायला विचारलं.

"चालू आहे की."

"मग झालं तर," आबा म्हणाले. "एकदा मुकी बसवली ना कुलपात? मग चिंता नाही."

मुकी म्हणजे दात न पाडलेली कोरी चावी. कुलपात जाते, बसते, फिरत मात्र नाही. भोकही अडवून ठेवते, दुसरी चावी आत जाऊ देत नाही. हा यांच्या धंद्यातला शब्द, पण थोरलीच्या ऑपरेशननंतर तो घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. तिच्या गाठीला म्हणे शरीरातल्या एका हार्मोनचं खाद्य होतं. हार्मोन ही चावी, गाठीच्या पेशीवर कुलूप, चावी फिरली की पेशी वाढली. गाठ काढली, किरणं दिली, आणि मागे चुकून राहिलेल्या एखाद्या पेशीसाठी एक बारकी गोळी दिली. रोज एक, पाच वर्षं. थोरली म्हणाली होती, म्हणजे आमची मुकी चावीच की! घर पोट धरून हसलं होतं. किती दिवसांनी हसलं होतं.

हसायला शब्द मिळाला म्हणून या लोकांना तो आवडला, दुसरं काही नाही. एरवी या घरात त्या आजाराला नाव नाही. 'ते' म्हणतात. ऑपरेशनलाही 'तिकडचं ऑपरेशन' म्हणतात. हाताला हात म्हणतात, पायाला पाय, ढुंगणाला तर दहा नावं आहेत. आणि ज्या स्तनांवर यातला प्रत्येक जण पोसला, त्यांना 'तिकडे'! थोरलीची आईही 'तिकडच्याच' दुखण्यानं गेली. तेव्हा तर 'अशक्तपणा' म्हणून सांगितलं होतं. अशक्तपणानं माणूस मरतो, आणि मेल्यावरसुद्धा कोणाला खरं सांगायची शक्ती येत नाही.

"मुकी बसलीय, बोटं छान आहेत, टेबल राहील," थोरली म्हणाली आणि तिनं घास तोंडात घातला. "वाढ गं. बँकेला म्हणावं तू पण जेवून जा."

तेवढ्यात आतून दार लागल्याचा आवाज आला.

*

धाकट्याची नात, तीन वर्षांची चिमणी, ताटावरून कधी उठली ते कोणी बघितलं नव्हतं. झोपायच्या खोलीत जाऊन तिनं दार ढकललं होतं. कुलपानं आपणहून जीभ टाकली, वरचा लाल दिवा दोनदा मिचकावला आणि विझला.

धाकट्याच्या सुनेनं, चिमणीच्या आईनं, बोट टेकवलं. धाकट्यानं टेकवलं. परत टेकवलं. मग जोरात दाबलं, जणू कुलपाला ऐकू कमी येतं.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

"गेली म्हणजे? तुम्हीच म्हणाला होतात ना, वर्षभर जाते!"

"वर्षभरात जाते असं म्हणालो असेन."

"बाबा, आत इस्त्री चालू आहे!" सुनेचा आवाज फाटला. "मी तिचा फ्रॉक करत होते, तुम्ही जेवायला हाक मारलीत, मी तशीच उठले. वायर खाली लोंबतेय!"

आतून चिमणी काहीतरी गुणगुणत होती. आतल्या मुठीला तिचा हात पोचत नव्हता, आणि दाराशी ये म्हटलं तर ती म्हणाली, "नाही, मी काम करते."

"काय काम करतेस, सोन्या?"

"इस्त्ली."

सुनेनं दारावर खांदा मारला. नवं दार, जाड दार, धाकट्यानं भलं मोठं निवडलेलं.

"याला साधी चावी असेल ना?" टोचणी ओरडली. "अडचणीला म्हणून देतात ती!"

"आहे."

"कुठे?"

धाकट्यानं दाराकडे बघितलं. "आत. ड्रॉवरमध्ये."

"सरका," थोरली म्हणाली.

तिच्या पिशवीत चामड्याची गुंडाळी नेहमी असायची. इतर बायकांच्या पिशवीत रुमाल असतो तशी. ती गुडघ्यावर बसली, मुठीखालची चकती नखानं उचकटली. मागे खरं चावीचं भोक होतं. एक चपटी पट्टी खालून ताणाला लावली, वरून हुक आत घातला आणि डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर जग बोटांच्या टोकाएवढं होतं. चावीचे दात ज्या उचलतात त्या पिनांपैकी पहिली हलली, बसली. दुसरी दाबून धरावी लागली. तिसरी बसल्यासारखी करत होती, बसली नव्हती. खोटारड्या पिनेचा स्पर्श वेगळा असतो, गोड बोलणाऱ्या नातेवाइकासारखा, जास्तच सहज. थोरलीनं ताण केसभर सैल केला, तिला परत उठवलं, नीट बसवलं. चौथी. पाचवी. पट्टी आपोआप फिरली.

सुनेनं आत धाव घेतली आणि वायर ओढली. चिमणीनं रडायला सुरुवात केली, कारण तिचं काम अर्धं राहिलं होतं. फ्रॉकवर तपकिरी डाग पडला होता, पोरीच्या हाताला काही झालं नव्हतं.

मग जो गलका झाला तो कुठल्याही घरात होतो. सून रडली, टोचणीनं टाळ्या वाजवल्या, आबांनी काठी आपटून "शाबास! याला म्हणतात हात!" असं तीनदा म्हटलं. धाकटा घाम पुसत भिंतीला टेकला होता.

"काय म्हणत होतास माझ्या बोटांबद्दल?" थोरलीनं खालूनच विचारलं.

"काही नाही."

"आणि टेबल?"

"राहू दे टेबल. माझ्या बापाचं काय जातंय."

"बापाचंच जातं रे," आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

भावजय हसली नाही. ती दाराच्या चौकटीला धरून थोरलीच्या हातांकडे बघत होती. ते हात हुक पुसत होते, गुंडाळीत एकेक कप्प्यात सरकवत होते, बारीक वादीची गाठ मारत होते. सरसर. थोरलीच्या तपासण्यांना हॉस्पिटलात सोबत जायची ती भावजयच. मागच्या थंडीत याच हातांना पोलक्याचं बटण लागत नव्हतं. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि भावजय न बोलता बटणं लावायची. सांधे आखडणं हा त्या गोळीचा गुण आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

मग आज ही गाठ कशी बसली?

*

चहाच्या निमित्तानं दोघी स्वयंपाकघरात आल्या. भावजयीनं गॅस पेटवला आणि पाठमोऱ्या उभ्या उभ्या विचारलं, "ताई, गोळी कधी बंद केलीत?"

"कसली बंद?"

"ताई."

थोरलीनं कपबश्या मांडायला घेतल्या. एकीचाही आवाज झाला नाही. मागच्या थंडीत तिनं तीन कप फोडले होते.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली. "बोलू नकोस. त्याला कळलं तर परत शोरूम काढेल."

"ताई, अहो ते..."

"ऐक. तू ऐकतेस म्हणून सांगते. सकाळी उठले की बोटं लाकडाची. दुपारपर्यंत वितळायची, तीही अर्धी. दुखण्याचं काही नाही गं, दुखणं सोसता येतं. पण पिन बसली की नाही हे कळेना. हुक आत घालते, आणि आत काळोख. तुला सांगू? आंधळं झाल्यासारखं. गिऱ्हाईक समोर उभं, मी उगाच पाणी प्यायला उठते, मग म्हणते, उद्या या. घरी येऊन त्या गोळीकडे बघायची. म्हटलं, 'तिकडचं' मागितलंत, दिलं. हात नाही देणार."

"मग डॉक्टरबाईंना सांगायचं."

"त्यांनी विचारलं, बरंय ना? मी म्हटलं, बरंय. त्यांना पुढचा पेशंट होता, मला दुकान होतं."

"मी शेजारी बसले होते, तेव्हाही हेच म्हणालात."

"तू तरी कुठे बोललीस?"

हे खरं होतं, म्हणून लागलं. भावजय दिवसभर पोस्टाच्या खिडकीत अनोळखी माणसांशी बोलायची आणि घरी आली की मिटायची. या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिचा अंदाज होता की इथे बोलायला माणसं पुरेशी आहेत, एक ऐकणारी हवी. नणंदेचं प्रेम तिला मिळालं होतं ते त्या ऐकण्यामुळेच. आता ती बोलली की ते प्रेम जाणार. टेबल जाईल, धाकट्याचं खरं ठरेल, आणि पुन्हा कुठलीही बाई आपली बटणं तिच्यापुढे उघडी ठेवून उभी राहणार नाही. चहा उकळून वर आला. तिनं बघितलं आणि येऊ दिला.

"आणि तसंही," थोरली समजावणीच्या सुरात म्हणाली, "मुकी काय रोज बसवायची असते का? एकदा बसली ती बसली. आबाही हेच म्हणाले."

"आबांना माहीत आहे?"

"विचारूनच बंद केली."

"काय बंद केली?" दारात टोचणी उभी होती. हातात रिकामा ट्रे. तिनं आईकडे बघितलं, मामीकडे बघितलं, ओट्यावर सांडलेल्या चहाकडे बघितलं. खोटे दावे वाचून वाचून पोरीचं नाक तयार झालेलं. "आई. काय बंद केलीस?"

"गॅस," थोरली म्हणाली.

"गॅस चालू आहे."

*

मग व्हायचं ते झालं. टोचणीनं ट्रे बाहेरच्या टेबलावर आपटला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आईला मारायला निघालात सगळे, असंही म्हणाली, जे खरं नव्हतं, आणि मी दर रविवारी फोनवर विचारते तेव्हा ही थापा मारते, असंही म्हणाली, जे खरं होतं.

"तू काय विचारतेस?" थोरली उसळली. "'गोळी घेतलीस?' एवढंच! पोरीनं आईला विचारावं की सावकारानं कुळाला? कशी आहेस, हे विचारलंस कधी?"

"विचारलं की तू म्हणतेस, मस्त!"

"मग मस्तच होते! बोटं परत आली होती माझी!"

"बघ, म्हणूनच मी म्हणतो, टेबल काढून..." धाकटा सुरू झाला.

"मामा, तुझ्या टेबलाला आग लाव!"

"माझं कुठंय ते? हिचंच आहे! मी बघितलंय हिला!" धाकट्याचा आवाज एकदम चिरकला. "शटरच्या कुलपाशी. दोन तळव्यांत चावी धरून. मी समोरच उभा होतो, ताई. येणार होतो. पण आलो असतो तर तू मला तिथेच सोललं असतंस."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणून शोरूम?"

"म्हणून शोरूम."

"गाढवा," ती म्हणाली. पण आवाजातली धार गेली होती.

"पण आबा, तुम्ही?" टोचणी तिकडे वळली. "तुम्ही हिला सांगितलंत बंद कर म्हणून?"

आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. ते हात आता नुसते असतानाही थरथरायचे. "मी धंद्याचं सांगितलं. मुकी चावी घालून आत मोडली की कुलूप मेलं. कोणाच्या बापाला उघडत नाही. मेलेल्या कुलपात रोज नवी मुकी कशाला कोंबायची? हात घालवून? ज्याचा हात गेला त्याचं सगळं गेलं, हे मला विचारा."

हे ऐकून धाकट्यानंही मान हलवली. चूक असली तरी यांच्या डोक्याला ती पटणारी होती. कुलपांत जन्मलेली माणसं, दुसरं काही करणार कशी?

"ती मुकी नाही," भावजय म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की सगळे गप्प झाले.

"ताईंची गोळी मुकी चावी नाहीच, आबा. मी होते तिथे. डॉक्टरबाईंनी दोन प्रकार सांगितले. एक गोळी कुलपात जाऊन बसणारी. ताई म्हणाल्या, म्हणजे आमची मुकी! डॉक्टरबाई हसल्या, त्यांनाही शब्द आवडला. मग त्या म्हणाल्या, पण तुमच्या वयाला मी दुसरी देते. ती कुलपाला हात लावत नाही. शरीर त्या चाव्या बनवतं, ते बनवणंच बंद ठेवते."

"हे मला नाही आठवत," थोरली म्हणाली.

"कसं आठवेल? तुम्ही आबांना मुकीचं सांगायला फोन काढला होतात."

कोणी हसलं नाही.

"म्हणजे..." थोरली खुर्चीवर टेकली. "चाव्या कापायचं मशीन बंद ठेवायची गोळी."

"हो. आणि ती मुकी असती तरी मोडून बसवलेली नव्हे. तीही रोज घसरून पडते, म्हणून रोजच घ्यायची. हेही त्या म्हणाल्या होत्या."

"मामी, हे तुला माहीत होतं?" टोचणी म्हणाली. "सगळे मुकी मुकी म्हणत होतो तेव्हाही?"

"मला वाटलं, गंमत आहे. तुम्ही सगळे इतके हसत होतात. ती मोडणारी मी कोण?"

थोरलीला भावजयीचा राग यायला हवा होता. आलाच नाही, कारण ती दुसरंच काही ऐकत होती. दुकानातलं मशीन. चावी कापताना त्याचा दात धातूत शिरतो तो बारीक किंचाळणारा आवाज. आयुष्यभर तो आवाज तिला धंदा चालू असल्याची खूण वाटत आला होता. तिनं पदर सावरला. पदराखाली एका बाजूला काहीच नव्हतं.

"म्हणजे उन्हाळ्यापासून मशीन चालू आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि कुलूप उघडंच."

आता समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. या खोलीतल्या कोणापेक्षाही थोरलीला ते जास्त नीट समजलं होतं. चावी आहे आणि कुलूप आहे म्हणजे काय, हे तिला कोण शिकवणार?

"कुलूप आतून रिकामंही असेल," धाकटा म्हणाला. "म्हणजे आत कोणी नसेलच. सगळं काढलंय ना त्यांनी?"

"असेल. नसेल," थोरली म्हणाली. "बाहेरून कळत नाही. गिऱ्हाईकाला मी हेच सांगते."

टोचणी आईच्या पायाशी जमिनीवर बसली. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ती दुसरी गोळी आहे ना, आई. खरी मुकी. तिनं कदाचित बोटं आखडणार नाहीत."

"आखडतात का गं?" थोरलीनं भावजयीला विचारलं.

"मला नाही माहीत. तिचे वेगळे त्रास असतील. तुम्हाला चालेल का तेही नाही माहीत. विचारायला हवं. पण बरंय म्हणून सांगितलं तर कोण कशाला बदलून देईल?"

"उद्या जाऊ," थोरली म्हणाली.

"मी येते," भावजय म्हणाली. "बाहेर बसेन, मध्ये बोलणार नाही."

"बाहेर बसलीस तर बघ! आत ये. मी बरंय म्हटलं की पायावर पाय दे आणि बटणांचं सांग. कपांचं सांग. मुकी बसायला घरात माणसं पुष्कळ आहेत."

भावजयीनं मान हलवली. मग आठवल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, "सांगेन."

आबा इतका वेळ चिमणीच्या जळक्या फ्रॉककडे बघत होते. कोणीतरी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला होता.

"आणि आबा," थोरली म्हणाली, "दुसरी गोळी नाही चालली तर? हीच घ्यावी लागली, आणि हात गेला तर?"

तिनं हे वडिलांना विचारलं नव्हतं. ज्यानं तिच्या लहान मुठीत पहिला हुक दिला होता, त्या कारागिराला विचारलं होतं. तोच कारागीर मघाशी म्हणाला होता, हात गेला त्याचं सगळं गेलं. टोचणीनं तोंड उघडलं, मामीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून ते मिटवलं.

आबांनी फ्रॉकवरची नजर काढून तिच्या हातांकडे बघितलं.

"तुझ्या आईचा हात," ते म्हणाले, "शेवटपर्यंत चांगला चालत होता."

त्या घरात त्या बाईच्या मरणाबद्दल बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. धाकट्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. थोरली आपल्या हातांकडे बघत राहिली, आणि मग त्यातला एक तिनं पिशवीत घातला.

"टोचणे, दुकानात जाऊन ये. गोळ्या तिथे आहेत. उद्या डॉक्टरबाई दुसरं काही देईपर्यंत हीच घेते."

"दुकानात? कुठे?"

"मुक्यांच्या डब्यात. तळाशी."

टोचणी आईकडे बघत राहिली. टेबलाखालचा तो पत्र्याचा डबा. कोऱ्या चाव्या त्यात असतात म्हणून मुक्यांचा. पण लहानपणी तिची समजूत होती की त्यात पाप्या असतात. दुकानात आली की म्हणायची, आबा, डब्यातला एक मुका द्या, आणि आबा डबा खुळखुळ वाजवून तिच्या गालावर ओठ टेकायचे. आत दुसरं काही ठेवलेलं असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

"तिथे ठेवल्यास होय गं," ती म्हणाली.

"सगळ्या आण. एकही तिथे ठेवू नकोस. आणि तू रे, बघत काय बसलास? तुझ्या त्या दारांच्या बॅटऱ्या आण आधी."

थोरलीनं चाव्यांचा जुडगा काढला. दुकानाची चावी दुपदरी कड्यात होती, घट्ट. नखानं कडं फाकवायचं, चावी कडेकडेनं फिरवत न्यायची आणि सोडवायची. मागच्या थंडीत हे तिला जमलंच नसतं. आता बोटांनी ते बघता बघता केलं, आणि चावी लेकीच्या तळहातावर ठेवली.

सगळे त्या बोटांकडे बघत होते. या वेळी शाबास कोणी म्हणालं नाही.